वेब सर्व्हरमधील त्रुटी व मंदगतीचे निवारण

वेब सर्व्हरमधील त्रुटी व मंदगतीचे निवारण ही संगणक प्रणालींच्या व्यवस्थापनातील एक प्रक्रिया आहे. एखादे संकेतस्थळ उघडत नसल्यास, चुकीचा प्रतिसाद देत असल्यास किंवा प्रमाणाबाहेर वेळ घेत असल्यास त्यामागील कारण शोधणे, ते दूर करणे आणि तो दोष पुन्हा उद्भवू नये अशी तजवीज करणे, असे तिचे तीन भाग पडतात. त्रुटी आणि मंदगती या वरवर पाहता दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्या एकाच दोषाच्या दोन अवस्था असतात. सर्व्हर आधी मंदावतो, विनंत्यांची रांग वाढत जाते आणि प्रतीक्षेची मुदत संपली की त्याच मंदगतीचे रूपांतर त्रुटीत होते.

बँकव्यवहार, रेल्वे आरक्षण, प्रवेशप्रक्रिया आणि परीक्षांचे निकाल संकेतस्थळांवर अवलंबून असल्यामुळे या विषयाला केवळ तांत्रिक महत्त्व उरलेले नाही. १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्रातील इयत्ता दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती व लाखो विद्यार्थ्यांना ताटकळावे लागले.

पार्श्वभूमी

जगातील पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस एका नेक्स्ट संगणकावर चालवला. हा संगणक सर्व्हर असून तो बंद करू नये, अशी तांबड्या शाईत लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. त्या काळी सर्व्हर बंद पडण्याचे सर्वांत संभाव्य कारण कोणीतरी त्याची कळ दाबणे हे होते.

१९९५ मध्ये अपाची हा मुक्तस्रोत वेब सर्व्हर उपलब्ध झाला. त्याच्या मूळ रचनेत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया राखून ठेवली जाई. जोडण्या हजारोंच्या घरात गेल्यावर ही रचना अपुरी पडू लागली. एकाच संगणकाने एकाच वेळी १०,००० जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. तो ‘सी-१०-के प्रश्न’ या नावाने ओळखला जातो. इगोर सिसोएव्ह यांनी लिहिलेला आणि २००४ मध्ये सार्वजनिक झालेला एनजिन्क्स हा सर्व्हर याच प्रश्नाचे एक उत्तर होता. त्यात मोजक्या प्रक्रिया हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतात आणि ज्या जोडणीवर प्रत्यक्ष काम आले असेल तिच्याकडेच वळतात.

विनंतीचा मार्ग

वाचकाने पत्ता टंकित केल्यापासून पान दिसेपर्यंत विनंती अनेक टप्प्यांतून जाते. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखणे, हे निदानाचे पहिले काम होय. प्रत्येक टप्प्यावरील अपयशाची खूण वेगळी असते.

* नावाचा शोध : संकेतस्थळाच्या नावावरून डीएनएस यंत्रणा त्याचा आयपी पत्ता शोधते. येथे दोष असल्यास ब्राउझर ‘सर्व्हर सापडला नाही’ असा संदेश दाखवतो. अशा वेळी विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नसते. त्यामुळे सर्व्हरच्या नोंदींत शोध घेणे निरर्थक ठरते.
* जोडणी : जोडणी तत्काळ नाकारली गेल्यास यंत्र चालू आहे, परंतु त्या पोर्टवर कोणताही सर्व्हर ऐकत नाही, असे सहसा समजावे. बराच वेळ थांबूनही काहीच उत्तर न आल्यास यंत्र बंद आहे, जाळे तुटले आहे किंवा फायरवॉलने विनंती गिळली आहे, अशा शक्यता असतात.
* प्रमाणपत्र : सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर आपले प्रमाणपत्र सादर करतो. त्याची मुदत संपली असल्यास सर्व्हर पूर्णतः सुस्थितीत असूनही ब्राउझर वाचकाला अडवतो.
* मधला सर्व्हर : मोठ्या संकेतस्थळांवर विनंती प्रथम रिव्हर्स प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सरकडे जाते. तो ती मागच्या सर्व्हरांपैकी एकाकडे सोपवतो.
* आज्ञावली आणि डेटाबेस : पान तयार करणारी आज्ञावली येथे चालते व लागणारी माहिती डेटाबेसकडून मागवते.
* ब्राउझरमधील काम : पान मिळाल्यावर त्यातील चित्रे, फॉन्ट आणि स्क्रिप्ट उतरवल्या जातात. सर्व्हरने उत्तर तत्परतेने दिले, तरी पान जड असल्यास वाचकाला संकेतस्थळ संथच वाटते.

स्थिती संकेतांक

सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर तीन अंकी स्थिती संकेतांक पाठवतो. एचटीटीपी शिष्टाचाराची सध्याची व्याख्या जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या दस्तऐवजात आहे. संकेतांकाचा पहिला अंक दोषाची दिशा दाखवतो. ४ ने सुरू होणारे संकेतांक विनंतीत दोष असल्याचे सांगतात, तर ५ ने सुरू होणारे संकेतांक विनंती योग्य असूनही सर्व्हर ती पूर्ण करू शकला नाही असे सांगतात.

* ४०३ : पान आहे, परंतु ते पाहण्याची परवानगी नाही. संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर हलवल्यानंतर फाइलींची मालकी बदलल्यामुळे ही त्रुटी वारंवार आढळते.
* ४०४ : मागितलेले पान सापडले नाही.
* ४२९ : ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक विनंत्या केल्या गेल्या. हा संकेतांक २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ द्वारे आला.
* ५०० : आज्ञावलीत अनपेक्षित बिघाड झाला. हा संकेतांक स्वतः कारण सांगत नाही. ते त्रुटींच्या नोंदवहीत शोधावे लागते.
* ५०२ : मधल्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून ग्राह्य उत्तर मिळाले नाही. मागची प्रक्रिया बंद पडली असल्यास बहुधा हाच संकेतांक दिसतो.
* ५०३ : सर्व्हर तात्पुरता सेवा देऊ शकत नाही, तो अतिभाराखाली आहे किंवा देखभालीसाठी बंद आहे.
* ५०४ : मागचा सर्व्हर चालू असला तरी त्याने मुदतीत उत्तर दिले नाही.

५०२ आणि ५०४ या त्रुटी दाखवणारा सर्व्हर केवळ निरोप्या असतो. त्याची मांडणी बदलत बसण्यापेक्षा, ज्याच्याकडून निरोप आला नाही त्या मागच्या सर्व्हरची पाहणी करणे योग्य ठरते. ५०४ दिसताच मधल्या सर्व्हरची प्रतीक्षामुदत वाढवणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. त्याने त्रुटी दिसेनाशी होते, पण मंदगती तशीच राहते आणि रांग अधिक लांबते.

संकेतांक खरा असणे महत्त्वाचे असते. काही संकेतस्थळे पानावर क्षमायाचना छापतात, परंतु संकेतांक मात्र २०० म्हणजे ‘यशस्वी’ असा पाठवतात. अशा वेळी देखरेख करणाऱ्या यंत्रणेला बिघाड झाल्याचे कळत नाही आणि शोधयंत्रे क्षमायाचनेचे पानच खरा मजकूर म्हणून नोंदवू शकतात. नियोजित देखभालीच्या काळात ५०३ पाठवून त्यासोबत पुन्हा केव्हा यावे याची सूचना देणे, ही योग्य पद्धत मानली जाते.

नोंदवह्यांचे वाचन

सर्व्हर सामान्यतः दोन नोंदवह्या, म्हणजे लॉग, ठेवतो. प्रवेशाच्या नोंदवहीत प्रत्येक विनंतीची वेळ, पत्ता, संकेतांक आणि उत्तराचा आकार असतो. त्रुटींच्या नोंदवहीत बिघाडाचे वर्णन असते. विनंतीला लागलेला वेळ अनेक सर्व्हरांच्या मूळ मांडणीत नोंदवला जात नाही. तो मुद्दाम नोंदवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते, कारण बिघाड होऊन गेल्यानंतर ही माहिती मिळवण्याचा मार्ग नसतो.

नोंदी वाचताना वेळेचे गणित सांभाळावे लागते. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनुसार चालतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्याने सकाळी ११ वाजताच्या तक्रारीचा माग अशा नोंदवहीत पहाटे ५:३० च्या नोंदींत सापडतो.

मराठी पानांच्या पत्त्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट शतमान चिन्ह व दोन अक्षरे अशा ३ चिन्हांनी लिहिला जातो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना, जोडाक्षरांतील हलन्त चिन्हे इत्यादी धरून १० चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ९० चिन्हे होतात. त्यामुळे नोंदवहीत मराठी शब्द थेट शोधता येत नाही. फार लांब शीर्षक असल्यास ‘पत्ता प्रमाणाबाहेर लांब’ अशा अर्थाची ४१४ ही त्रुटीही येऊ शकते. शीर्षकाच्याच नावाने फाइल साठवणाऱ्या प्रणालींत दुसरी मर्यादा आड येते. लिनक्सच्या प्रचलित फाइल प्रणालीत नावाची कमाल लांबी २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे इतकीच असते.

मंदगतीचे मापन

‘संकेतस्थळ संथ आहे’ या तक्रारीचे प्रथम आकड्यांत रूपांतर करावे लागते. सरासरी हे त्यासाठी फसवे माप आहे. समजा, १०० विनंत्यांपैकी ९५ विनंत्यांना ०.१ सेकंद आणि उरलेल्या ५ विनंत्यांना ८ सेकंद लागले. सरासरी सुमारे अर्धा सेकंद येते. प्रत्यक्षात अर्धा सेकंद एकाही वाचकाला लागलेला नसतो. बहुतेकांना संकेतस्थळ चपळ वाटते आणि पाच जण कंटाळून निघून जातात. म्हणून ९५ किंवा ९९ टक्के विनंत्या किती वेळेच्या आत पूर्ण झाल्या, हे शततमक माप वापरले जाते.

रांगेचे गणित

सर्व्हर अचानक कोलमडल्यासारखा का दिसतो, हे रांगेच्या गणितावरून समजते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, एखाद्या स्थिर प्रणालीत एका वेळी असणाऱ्या विनंत्यांची सरासरी संख्या ही दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या आणि प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. दर सेकंदाला ५० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असेल, तर एका वेळी सरासरी १० विनंत्या हाताळल्या जात असतात. डेटाबेस मंदावून तोच वेळ २ सेकंद झाला, तर ही संख्या १०० होते. सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रक्रिया ४० असल्यास दर सेकंदाला जास्तीत जास्त २० विनंत्या पूर्ण होतात, येतात मात्र ५०. वाचकांची संख्या तिळमात्र वाढलेली नसतानाही रांग अशा रीतीने अमर्याद वाढत जाते.

क्षमतेचा वापर आणि प्रतीक्षा यांचे नातेही सरळ रेषेत नसते. विनंत्या अनियमित अंतराने येतात व एकच सेवक त्या हाताळतो, असे सर्वांत साधे प्रतिमान घेतल्यास ५० टक्के वापर असताना विनंतीला मूळ सेवावेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणून ९० टक्के वापर म्हणजे १० टक्के क्षमता शिल्लक आहे, असे समाधान मानणे धोक्याचे असते.

मंदगतीची सामान्य कारणे

संगणकाची प्रत्येक साधनसामग्री वापर, तुंबारा आणि त्रुटी या तीन कसोट्यांवर तपासावी, अशी पद्धत ब्रेंडन ग्रेग यांनी मांडली आहे. तिच्या आधारे पुढील कारणे क्रमाने पडताळता येतात.

* प्रोसेसर : लिनक्समधील सरासरी भाराच्या आकड्यात डिस्कची वाट पाहत थांबलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. भार मोठा, पण प्रोसेसर रिकामा, असे चित्र दिसल्यास दोष बहुधा डिस्कमध्ये असतो.
* मेमरी : लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी वापरतो, त्यामुळे मोकळी मेमरी कमी दिसणे हा स्वतः दोष नव्हे. डिस्कवरील स्वॅपचा अखंड वापर हे मात्र चिंतेचे लक्षण आहे. मेमरी पूर्ण संपल्यास लिनक्स एखादी प्रक्रिया सक्तीने बंद करतो, आणि ती अनेकदा डेटाबेसचीच असते.
* डिस्क : नोंदवह्या साचून डिस्क भरल्यास तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत आणि वरकरणी असंबद्ध त्रुटी सुरू होतात. मोठी नोंदवही पुसली, तरी चालू प्रक्रियेने ती उघडी धरली असल्यास जागा मोकळी होत नाही.
* उघड्या फाइलींची मर्यादा : लिनक्समध्ये एका प्रक्रियेसाठी ही मर्यादा पुष्कळदा १,०२४ असते. प्रत्येक जोडणीही यात मोजली जाते.
* डेटाबेस : योग्य इंडेक्स नसल्यास एक नोंद शोधण्यासाठी संपूर्ण सारणी वाचावी लागते. १५ लाख नोंदी क्रमाने लावलेल्या असतील, तर दुभागणीच्या पद्धतीने हवी ती नोंद जास्तीत जास्त २१ तुलनांत सापडते. क्रम नसल्यास लाखो नोंदी चाळाव्या लागतात.
* प्रश्नांची संख्या : ५० लेखांची यादी दाखवताना यादीसाठी १ आणि प्रत्येक लेखाच्या लेखकासाठी १, असे डेटाबेसला ५१ प्रश्न विचारले जाऊ शकतात. प्रत्येकी ४ मिलिसेकंद लागल्यास हा दोष झाकला जातो. डेटाबेस दुसऱ्या शहरात नेल्यावर प्रत्येकी २० मिलिसेकंद लागू लागले, की तेच पान एका सेकंदाहून अधिक वेळ घेते.

निदानाचा क्रम

निदानाची सुरुवात तीन प्रश्नांनी केली जाते. त्रास सर्वांना होतो आहे की काहींनाच? तो नेमका केव्हापासून सुरू झाला? त्या सुमारास काय बदलले? त्रास एकाच पानावर असल्यास आज्ञावली किंवा डेटाबेसकडे, एकाच भागातील वाचकांना असल्यास जाळ्याकडे, ठरावीक वेळी होत असल्यास त्या वेळी चालणाऱ्या बॅकअपसारख्या कामाकडे लक्ष वळवावे. नुकताच बदल झाला असल्यास तो मागे घेणे हा बहुधा सर्वांत जलद उपाय असतो.

सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने सेवा अनेकदा पूर्ववत होते, परंतु त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. चालू प्रक्रियांची यादी, मेमरीची स्थिती, उघड्या जोडण्या आणि डेटाबेसमधील प्रलंबित प्रश्न यांची नोंद आधी करून घेतल्यास कारणाचा शोध नंतर निवांतपणे घेता येतो. दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे सांगता येत नाही.

उपाय

ज्या पानांचा मजकूर क्वचितच बदलतो ती प्रत्येक वेळी नव्याने तयार न करता साठवलेल्या प्रतीवरून, म्हणजे कॅशमधून, देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. परीक्षेचा निकाल हे याचे ठळक उदाहरण आहे. तो जाहीर झाल्यानंतर वाचक तो केवळ पाहतात, त्यात भर घालत नाहीत. त्यामुळे तो आधीच तयार केलेल्या स्वरूपात अनेक सर्व्हरांवर ठेवता येतो.

क्षमतेबाहेरच्या विनंत्या मर्यादेनंतर तत्काळ नाकारणे कठोर वाटले, तरी त्यामुळे आत आलेल्यांना सेवा मिळते. सर्वांना रांगेत घेतल्यास कोणालाच उत्तर मिळत नाही, आणि वाचक निघून गेल्यावरही सर्व्हर त्याच्यासाठी राबत राहतो. अयशस्वी विनंती पुन्हा करण्यालाही मर्यादा लागते. एकामागून एक असलेल्या तीन स्तरांपैकी प्रत्येकाने तीनदा प्रयत्न केल्यास वाचकाच्या एका विनंतीतून तळाशी २७ विनंत्या निर्माण होतात. म्हणून दोन प्रयत्नांतील अंतर दर वेळी वाढवतात आणि त्यात थोडी अनियमितता ठेवतात, जेणेकरून सर्वजण एकाच क्षणी परत येत नाहीत.

उल्लेखनीय घटना

* २५ जून २००९ : मायकेल जॅक्सन यांच्या निधनानंतर त्यांच्याविषयीच्या विकिपीडिया लेखावर वाचकांची झुंबड उडाली. लेख सतत संपादित होत असल्याने कॅशमधील प्रत वारंवार बाद होत होती आणि अनेक सर्व्हर तेच पान एकाच वेळी नव्याने तयार करू लागले. या अनुभवातून मीडियाविकीसाठी पूलकाउंटर ही यंत्रणा तयार झाली. तीत एक प्रक्रिया पान तयार करते आणि इतर प्रक्रिया तिची वाट पाहतात किंवा जुनी प्रत देतात.
* २० जुलै २०१६ : स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटे बंद पडले. सुमारे २०,००० कोऱ्या जागा सलग असलेल्या एका मजकुरावर शोधसूत्र चालवताना प्रोसेसर अडकून पडले. हा मजकूर मुखपृष्ठावर होता आणि सर्व्हरची प्रकृती तपासण्यासाठी लोड बॅलन्सर मुखपृष्ठच मागत असल्याने त्याने सर्व सर्व्हर बाद ठरवले.
* २ जुलै २०१९ : क्लाउडफ्लेअरच्या सुरक्षा नियमांतील एका सदोष शोधसूत्राने जगभरातील तिच्या सर्व्हरांचे प्रोसेसर व्यापून टाकले. तिच्यावर अवलंबून असलेल्या संकेतस्थळांवर सुमारे २७ मिनिटे ५०२ त्रुटी दिसत होती.
* ३ फेब्रुवारी २०२० : प्रमाणपत्राची मुदत संपल्याने मायक्रोसॉफ्ट टीम्सची सेवा काही तास खंडित झाली.
* ४ ऑक्टोबर २०२१ : मार्गनिर्धारणातील बदलामुळे फेसबुकचे डीएनएस सर्व्हर उर्वरित आंतरजालापासून तुटले. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने दुरुस्तीला विलंब झाला.

प्रतिबंध

गर्दीची तारीख आधीच ठाऊक असल्यास त्या प्रमाणातील कृत्रिम भार टाकून सर्व्हरची चाचणी घेतली जाते. डिस्कवरील मोकळी जागा, प्रमाणपत्राची उरलेली मुदत, त्रुटींचे प्रमाण आणि प्रतिसादाची वेळ यांवर स्वयंचलित देखरेख ठेवली जाते. ही देखरेख त्याच सर्व्हरवर चालवल्यास सर्व्हरबरोबर तीही बंद पडते, म्हणून ती स्वतंत्र ठिकाणाहून केली जाते. मोठ्या बिघाडानंतर घटनाक्रम, कारण आणि केलेले बदल यांचा लेखी अहवाल तयार करण्याची प्रथा आहे. या अहवालात व्यक्तीला दोष देण्याचे टाळले जाते. कारण शिक्षेच्या भीतीने माहिती दडवली गेल्यास तोच बिघाड पुन्हा होण्याची शक्यता वाढते.